‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

पुस्तकाच्या शेवटी विषयसूची असते. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द तिच्यात पाहिला की पुढे पानांचे क्रमांक मिळतात आणि सगळे पुस्तक चाळण्याचे श्रम वाचतात. मात्र सूची करणाऱ्याने एखादा शब्द घेतलाच नसेल, तर तो पुस्तकात दहा ठिकाणी असूनही सूचीत पाहणाऱ्याला सापडत नाही. मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर घेतल्या जाणाऱ्या शोधाचेही असेच असते. तिथली सूची कशी ठरते, ते पाहू या.

खरेदी, विक्री, साठा, पगार आणि हिशेब हे सारे एकाच व्यवस्थेत सांभाळणारी सॉफ्टवेअर आज जगभर वापरली जातात. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ साली जर्मनीत सुरू केलेल्या सॅप या कंपनीचे सॉफ्टवेअर त्यांपैकी एक. अशा व्यवस्थेत माहिती हजारो तक्त्यांत विभागलेली असते. ग्राहकाचे नाव एका तक्त्यात, पत्ता दुसऱ्यात, तर त्याच्या मागण्या तिसऱ्यात. कारकून मात्र एकाच चौकटीत एखादे नाव टंकित करतो आणि उत्तराची अपेक्षा करतो. हे शक्य व्हावे म्हणून आधी एक आराखडा तयार करावा लागतो. त्याला शोधाचे प्रारूप किंवा ‘सर्च मॉडेल’ म्हणतात. सॉफ्टवेअरबरोबर काही प्रारूपे तयार मिळतात, पण आपल्या कामाप्रमाणे ती बदलून घ्यावी लागतात.

पहिला प्रश्न असा, की कोणते तक्ते घ्यायचे आणि ते कशाने जोडायचे? ग्राहक क्रमांक सर्व तक्त्यांत असेल, तर त्याच्या आधारे नाव, पत्ता आणि मागणी एकत्र आणता येतात.

दुसरा प्रश्न रकान्यांचा. सॅपच्या प्रारूपात यासाठी दोन वेगळ्या याद्या असतात : शोध कोणत्या रकान्यांत घ्यायचा याची एक आणि उत्तरात कोणते रकाने दाखवायचे याची दुसरी. दूरध्वनी क्रमांकावरून ग्राहक शोधता यावा, पण पडद्यावर फक्त नाव आणि गाव दिसावे, अशी सोय यामुळे होते.

मग सगळेच रकाने शोधात का घेऊ नयेत? समजा, आपण ‘पुणे’ हा शब्द दिला. आपल्याला हवा आहे ‘पुणे ट्रेडर्स’ नावाचा ग्राहक. पण गावाचा रकानाही शोधात असल्याने पुण्यातला प्रत्येक ग्राहक यादीत येईल आणि हवा तो त्या गर्दीत हरवेल. म्हणून रकान्यांना भार देतात. नावाला १ आणि गावाला ०.३ भार दिला, तर नावात जुळलेली नोंद वर येते.

सर्वांत नाजूक प्रश्न स्पेलिंगमधल्या फरकाचा. ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’ माणसाला एकच वाटतात, पण संगणकाला हे दोन वेगळे शब्द आहेत. सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडलेले अंतर इथे उपयोगी पडते. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी कमीत कमी किती चिन्हे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, ती संख्या म्हणजे त्या शब्दांतील अंतर. ‘कुलकर्णी’ हा शब्द संगणकात क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, ईकार अशा ८ चिन्हांत साठवला जातो. ल चा ळ केला की काम झाले, म्हणून अंतर १. साम्य काढण्याची एक सोपी रीत घेतली, तर १ वजा १/८, म्हणजे ०.८७५ मिळतात. आता ‘जोशी’ आणि ‘दोशी’ पाहा. इथेही अंतर १ च आहे, पण चिन्हे ४ असल्याने साम्य ०.७५ येते. साम्याची मर्यादा ०.८ ठेवली, तर कुळकर्णी सापडतील आणि दोशी वगळले जातील. प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमधील गणित याहून गुंतागुंतीचे असते, पण तत्त्व हेच.

ही मर्यादा चुकली तर काय होते? फार कडक ठेवली, तर कुळकर्णी सापडत नाहीत आणि कारकून त्यांची नवी नोंद करतो. एकाच ग्राहकाची दोन खाती होतात. ५०,००० रुपयांपर्यंतच उधारी द्यायची असे ठरले असताना ती नकळत १,००,००० पर्यंत जाऊ शकते. फार सैल ठेवली, तर जोशींचा माल दोशींकडे पाठवला जाण्याचा धोका असतो.

अधिकाराचा प्रश्नही प्रारूपातच सोडवावा लागतो. पगाराच्या नोंदी सर्वांना दिसू नयेत, हे उघड आहे. पण नोंद लपवून ‘३ नोंदी सापडल्या’ एवढे सांगितले, तरीही काही माहिती फुटतेच. म्हणून मोजणीच्या आधीच अधिकार तपासायला हवा.

शेवटी, सूची ताजी ठेवावी लागते. ती रोज रात्रीच अद्ययावत होत असेल, तर सकाळी नोंदवलेला ग्राहक दुपारी सापडणार नाही. प्रारूपात नवा रकाना घेतला, तर सूचीही पुन्हा बांधावी लागते.

हे सारे वर्गात संगणकाशिवाय करून पाहता येईल. तीस कार्डांवर विद्यार्थ्यांनी काल्पनिक नाव, गाव आणि छंद लिहावेत. एका गटाने फक्त नावांची सूची करावी, दुसऱ्याने तिन्ही रकान्यांची. मग दोन्ही गटांना तेच पाच प्रश्न विचारावेत. कोणाला काय सापडले नाही आणि कोणाला नको तेवढे सापडले, याची नोंद फळ्यावर करावी. पडद्यावर ‘नोंद सापडली नाही’ असे दिसले की आधी ‘शोध कुठे घेतला?’ असे विचारायचे असते, हे मुलांना त्यातून आपोआप उमजेल.