डिकिन्सन : प्रेअरीतील एका मृदेचा परिचय

काळी माती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दख्खनची कापसाची जमीन येते. अमेरिकेतील आयोवाच्या प्रेअरीतही काळसर जमिनी आहेत. मात्र त्यांच्या रंगाचे कारण निराळे. आपल्याकडे सेंद्रिय कर्ब बेताचाच. काळेपणा मुख्यतः बेसाल्टापासून झालेल्या चिकणमातीशी निगडित. तेथे तो उंच गवताच्या मुळांनी हजारो वर्षे कुजून दिलेल्या ह्यूमसचा.

तेथील ‘डिकिन्सन’ मृदा पाहावी. पोत बारीक वाळूमिश्रित पोयट्याचा. ०.०५ ते २ मिलिमीटर व्यासाचे कण म्हणजे वाळू. अशा पोयट्यात चिकणमाती २० टक्क्यांहून अधिक नसते. त्यामुळे पाणी झटकन मुरते, वाफसा लवकर येतो, नांगर हलका चालतो. पण ओल टिकत नाही. पावसाने ताण दिला की मका अशाच रानात आधी सुकतो.

अमेरिकी वर्गीकरणात हिला ‘टिपिक हॅप्लुडॉल’ म्हणतात. नाव बोजड खरे, परंतु शेवटाकडून वाचले की उलगडते. ‘ऑल’ म्हणजे मॉलिसॉल हा गण, मूळ लॅटिन शब्द ‘मृदू’ या अर्थाचा; ‘उड’ म्हणजे दमट हवामान; ‘हॅप्ल’ म्हणजे साधी रचना. रंग, खोली, कर्ब, ओलावा सारे मोजूनच जागा ठरते. इतिहासाच्या शिक्षकाला हेवा वाटावा अशी ही पद्धत!

पश्चिमेकडील कोरड्या मैदानांत गवत नांगरून उघडी पाडलेली माती १९३०च्या दशकात वाऱ्याने उडाली आणि १९३५ मध्ये अमेरिकेला मृदसंधारणाचा कायदा करावा लागला. डिकिन्सनसारख्या हलक्या रानातही काढणीनंतर धसकटे उभी ठेवणेच हिताचे असते.