इंजिनाची रेस उतरत नाहीं तेव्हां

भोर व वेल्हे तालुक्यांच्या पश्चिम भागांतील भाताचीं खाचरें डोंगरउतारावर पायऱ्यांप्रमाणें एकाखालीं एक रचलेलीं आहेत. तेथें मोठा ट्रॅक्टर उतरविणें कठीण, आणि बैलजोडी बारमाही पोसणें अनेकांस परवडेनासें झालें आहे. त्यामुळें पांच ते सात अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन बसविलेला, दोन मुठी धरून चालवावयाचा लहान पॉवर वीडर गांवोगांव दिसूं लागला आहे. (वेल्हे तालुक्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे, तथापि लोकांच्या तोंडीं जुनें नांव अद्याप आहे, म्हणून या लेखांत तेंच ठेविलें आहे.) चिखलणी, भाजीपाल्यांतील खुरपणी व बांधाकडेची मशागत हीं कामें हें यंत्र चांगलीं करतें. परंतु त्याचा एक दोष वारंवार आढळतो, आणि तो जितका मनावर घ्यावा तितका घेतला जात नाहीं. रेसची कळ खालीं आणिली तरी इंजिनाची गति उतरत नाहीं, किंवा ‘स्लो’वर असतांहि इंजिन हवें त्याहून जोरानें पळत राहतें, हा तो दोष होय.

प्रस्तुत लेखकास हा धडा फार जवळून मिळाला. वेल्ह्याकडे भाच्याच्या खाचरांत जुलै महिन्यांत लावणीकरितां चिखलणी चालू होती. दाढ उपटून मुठी बांधून ठेविल्या होत्या, इर्जिकीचीं माणसें बांधावर येऊन थांबलीं होतीं. यंत्र मात्र त्या आठवड्यांत दोन प्रकारें छळत होतें. कधीं कळ सोडूनहि तें अर्ध्या रेसवर पळत राही, म्हणून भाच्यानें स्लोचा स्क्रू सैल केला. मग कधीं कळ सोडतांच तें बंद पडूं लागलें, म्हणून मीं तोच स्क्रू दोनदां आंत पिळला. बंद पडणें थांबलें, आणि दुरुस्ती झाली असें मी समजलों.

तिसऱ्या दिवशीं खाचराच्या कोपऱ्यांत यंत्र वळवितांना भाच्यानें मागें घेण्याची कळ दाबली. रेस उतरलेलीच नव्हती. यंत्र एकदम मागें उसळलें, भाचा बांधावर उताणा पडला, आणि फिरतीं पातीं त्याच्या पायापर्यंत आलीं. पडतांना हातांतून कळ सुटली म्हणूनच पातीं थांबलीं. गमबुटाचें टोक फाटलें, बोटें वांचलीं. त्या दिवशीं चिखलणी राहिली आणि माणसें परत गेलीं.

दुसऱ्या दिवशीं यंत्र भोरला नेलें. तेथील कारागिरानें स्क्रूला हातहि लाविला नाहीं. कार्बोरेटरजवळ रेसची तार सोडवून ती त्यानें दोन बोटांनीं मागेंपुढें ओढून पाहिली आणि मला विचारिलें, “भाऊसाहेब, तुम्हीं स्लो वाढविलीत, पण तार सोडून पाहिली होतीत का?” तारेचा एक तंतु तुटून नळींत केसासारखा वळला होता. तो कधीं अडे, कधीं न अडे. एका दोषावर आम्हीं दोघांनीं दोन दुरुस्त्या चढविल्या होत्या, आणि मूळ दोष जागच्या जागीं होता.

महसूल खात्यांत कारकुनी करितांना आम्हांस शिकविलें जाई कीं, गांवच्या वसुलाचा मेळ बसला नाहीं तर बेरजेचा आंकडा खोडूं नये. एकेक नोंद ताडून जेथें चूक झाली असेल तेथें ती दुरुस्त करावी. स्लोचा स्क्रू म्हणजे ही बेरीजच होय. जन्मभर वसुलाच्या हिशेबांत जें पाळलें तें यंत्रापाशीं मी विसरलों. वाचकबंधूंनीं तसें करूं नये, म्हणून शोधाचा क्रम पुढें देत आहें.

आधीं इंजिन थांबवितां आलें पाहिजे

सकाळीं काम सुरू करण्यापूर्वीं बंद करण्याचें बटण चालतें कीं नाहीं हें एकदां पाहावें. रेस अकस्मात् चढल्यास प्रथम पातीं फिरविणारी कळ सोडावी व बटण बंद करावें. बटणानें इंजिन थांबलें नाहीं तर चोक पूर्ण ओढावा. हवा कोंडली गेल्यानें इंजिन गुदमरून थांबतें. पेट्रोलचा कॉकहि बंद करावा, परंतु कार्बोरेटरच्या वाटींतील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालूं राहील हें ध्यानांत ठेवावें. पात्यांजवळ हात नेण्यापूर्वीं प्लगची टोपी काढून बाजूस करावी. रेसमध्यें दोष आहे असें दिसल्यावर तें यंत्र त्या दिवशीं मागें घेण्याच्या गिअरमध्यें चालवूंच नये.

तार

इंजिन बंद व गार असतां मुठीवरील कळ वरखालीं करावी. नंतर कार्बोरेटरकडील टोंकास तार सोडवावी आणि इंजिनावरील कळ बोटानें हालवून पाहावी. ती मोकळी फिरत असेल तर दोष तारेंत आहे. तीच जड असेल तर दोष इंजिनाकडे आहे. अर्धें कोडें येवढ्यानेंच सुटतें.

तार अडण्याचीं कारणें साधीं असतात. नळींत चिखलाचें पाणी शिरून गंज चढतो, तंतु तुटतो, वाहून नेतांना नळी दबते, किंवा ती मुठीस सुतळीनें आवळून बांधल्यानें तिला तीव्र वांक येतो. इंजिन स्लोवर ठेवून, पातीं न जोडतां, मुठी डावी-उजवीकडे वळवून पाहाव्या. त्याबरोबर रेस बदलली तर तार ताणलेली आहे असें समजावें. तारेस दोन ते तीन मिलिमीटर ढिलाई असावी. तार सोडवून उभी टांगावी, वरच्या टोंकास कागदाचें नरसाळें करून पातळ तेल थेंब थेंब सोडावें, व तें खालून स्वच्छ निघेपर्यंत थांबावें. तंतु तुटलेला असल्यास मात्र तेलाचा उपयोग नाहीं; तार बदललीच पाहिजे. इर्जिकीचा एक दिवस बुडण्यापेक्षां नवी तार केव्हांहि स्वस्त पडते.

गव्हर्नर

येथें पुष्कळांची फसगत होते. बंद इंजिनाच्या कार्बोरेटरमधील गोल झडप, जिला कारागीर बटरफ्लाय म्हणतात, ती रेसची कळ वर केली असतां पूर्ण उघडी दिसते आणि तीच अडकली आहे असें वाटतें. वस्तुतः स्प्रिंग झडप उघडी ओढते, आणि इंजिन फिरूं लागल्यावर आंतील वजनें फांकून गव्हर्नरच्या दांडीवाटे ती मिटवितात. जेम्स वॉट यानें इ. स. १७८८ मध्यें वाफेच्या यंत्रास फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. तेंच तत्त्व या लहान इंजिनांत आहे. अशा पुष्कळ इंजिनांची स्लोवरील गति मिनिटास सुमारें १४०० फेरे व कमाल गति सुमारें ३६०० फेरे असते. आपल्या यंत्राचा नेमका आंकडा सोबतच्या पुस्तिकेंत पाहावा.

म्हणून दांडी निसटली आहे काय, तिचा नट सैल आहे काय, स्प्रिंग दुसऱ्याच भोकांत अडकविली आहे काय, दांडीभोंवतीं गवत वा वाळलेला चिखल आहे काय, हें पाहावें. दांडी सुटलेली असतां इंजिन मुळींच चालूं करूं नये. तें बेलगाम पळून आंतील भाग मोडण्याचा संभव असतो. अधिक जोर मिळावा म्हणून स्प्रिंग ताणणें हा तर स्वतःचाच घात होय. गव्हर्नर जुळविण्याचें काम माहितगाराकडूनच करवावें.

झडप व हवेची गळती

तार व गव्हर्नर निर्दोष ठरल्यावर कार्बोरेटरकडे वळावें. हवेच्या गाळणींतून धूळ गेली, किंवा पेट्रोल सुकून चिकट थर बसला, तर झडपेचा कणा जड फिरतो. गाळणी काढून झडप बोटानें उघडून सोडावी. ती अडखळल्यास कार्बोरेटर धुण्याच्या द्रवानें कणा स्वच्छ करावा, खरवडूं नये.

कार्बोरेटर व इंजिन यांमधील पॅकिंग फाटलें किंवा बोल्ट सैल झाले तर तेथून जादा हवा आंत ओढली जाते, मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें आणि स्लो बिघडते. चोक थोडा ओढल्यावर इंजिन शांत झालें, तर हवेची गळती किंवा तुंबलेला जेट यांपैकीं एक समजावें. इंजिन नुकतेंच चालूं केलें असतां, तें तापण्यापूर्वीं, त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर गळती तेथेंच आहे. फवाऱ्याकरितां पेट्रोल कधींहि वापरूं नये. आगीचें भय आहे.

पेट्रोल व साठवण

रेस आपोआप वरखालीं झुलत असेल तर बहुधा स्लोचा बारीक जेट तुंबलेला असतो. आतां पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. मावळांतील पावसाळी हवेंत टाकींत तीन-चार महिने पडून राहिलेलें पेट्रोल पुढील हंगामांत त्रास देणार हें ठरलेलेंच. काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, कार्बोरेटरच्या वाटीचा खालील स्क्रू सोडून राहिलेलें पेट्रोल भांड्यांत काढावें. जेट साफ करितांना पोलादी तार खुपसूं नये. भोक मोठें झाल्यास तें पुन्हां लहान करितां येत नाहीं. हवेच्या दाबानें तो फुंकावा.

स्लोचा स्क्रू

एवढें सर्व तपासल्यावर मग स्क्रू. इंजिन चांगलें तापलें असतां, चोक पूर्ण मोकळा असतां, गाळणी जागेवर असतां तो हळूं हळूं फिरवावा. कळ दहा वेळां वर नेऊन खालीं आणावी; दहाही वेळां इंजिन त्याच स्लोवर येऊन बंद न पडतां टिकलें, तरच काम पुरें झालें असें समजावें.

गवत कापण्याच्या खांद्यावरील यंत्राबाबत विशेष सूचना अशी कीं, त्याचा क्लच इंजिनाच्या गतीनें आपोआप जुळतो. स्लो वाढली तर मूठ न दाबतांहि पातें फिरत राहतें. त्यांतून तें यंत्र टू-स्ट्रोक असेल आणि कारण हवेची गळती असेल, तर तेल व पेट्रोल दोन्ही कमी पोंचून पिस्टन जाम होण्याचीहि भीति असते. कार्बोरेटर असलेल्या मोटारसायकलीस किंवा चार जाड चाकांच्या एटीव्हीस हाच क्रम लागू पडतो. तेथें गव्हर्नर बहुधा नसतो, आणि पुष्कळांत गोल झडपेऐवजीं वरखालीं सरकणारी स्लाइड असते; तीहि मळानें अडकते.

भाच्याच्या यंत्रास नवी तार घातली, स्क्रू मूळ जागीं आणिला, आणि राहिलेली चिखलणी दोन दिवसांनीं पुरी झाली. तोंवर उपटलेली दाढ पिंवळी पडूं लागली होती. तरी आवण जगलें. येत्या मृगापूर्वीं प्रत्येकानें आपल्या यंत्राची तार एकदां सोडवून पाहावी. त्यास अर्धा तास पुरतो.