जुन्नरच्या डोंगरातली ती मध्यरात्र

जुलैत गगनबावड्याला गेलेल्या कोल्हापूरकराला धुक्याविषयी वेगळं काही सांगायला नको. निघताना शहरात उघडीप असते, कळे मागे पडलं की भुरभुर सुरू होते आणि बावड्यात पोचेपर्यंत समोरून येणाऱ्या एसटीचे दिवेही अगदी जवळ आल्यावरच दिसतात. पुढे करूळ घाटाच्या तोंडाशी देश संपतो, कोकण सुरू होतं. ती कड डोळ्यांना दिसत नाही, पण रस्ता पायाखालचा असतो म्हणून गाडी नीट खाली उतरते.

सह्याद्रीची हीच कड उत्तरेला जुन्नर तालुक्यात नाणेघाटापाशी जाते. शिवनेरीचं जुन्नर सर्वांना ठाऊक आहे. सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण पाहायला पावसाळ्यात शेकडो गाड्या घाटमाथ्यावर येतात. हडसर, चावंड, निमगिरी, जीवधन हे किल्ले ढगात बुडालेले असतात. हिरड्याची झाडं, भातखाचरं आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या असा हा मुलूख. याच डोंगररांगांत ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्र उलटून दहाएक मिनिटं झाली असताना एक प्रवासी विमान आदळलं. आत ९४ माणसं होती, ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी. त्यांतलं कुणीही वाचलं नाही.

विमान होतं इटलीच्या अलितालिया कंपनीचं, डीसी-८ जातीचं, चार जेट इंजिनांचं. सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर, बँकॉक करत ते मुंबईला येत होतं. तिथून कराची आणि तेहरानमार्गे रोमला जायचं होतं. मुंबई उरली होती सुमारे ८४ किलोमीटर, म्हणजे विमानाच्या हिशेबात जेमतेम दहा मिनिटं.

तेवढ्याच अंतरात सगळा घोळ झाला. आपण आहोत त्यापेक्षा मुंबईच्या जास्त जवळ आलो आहोत, असा वैमानिकाचा समज झाला. त्या समजुतीने त्याने रात्री, ढगांतून, सरळ धावपट्टीच्या रोखाने विमान उतरवायला घेतलं. आपण नेमके कुठे आहोत हे ताडून पाहण्याची साधनं उपलब्ध होती. ती वापरली गेली नाहीत, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही आणि या वाटेवरच्या डोंगरांचा वैमानिकाला परिचय नव्हता, असा चौकशीचा निष्कर्ष होता. आषाढ नुकताच लागला होता. कड ओलांडली असती तर खाली कोकणाची सखल जमीन होती. विमान अजून कडेच्या अलीकडे, घाटमाथ्यावर होतं आणि समोर सुमारे ३,६०० फूट उंचीचा डोंगर उभा होता. करूळला रस्ता सोडून गाडी आधीच वळवावी, तसंच हे झालं.

सह्याद्रीच्या पावसात असं घडण्याची ती पहिली वेळ नव्हती, शेवटचीही नव्हती. १२ जुलै १९४९ रोजी डच केएलएम कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझला उतरताना घाटकोपरच्या टेकडीवर आपटलं. त्यातल्या ४५ मृतांमध्ये इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे १३ अमेरिकी पत्रकार होते. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलं, तेव्हाही ४५ जण गेले. तिन्ही तारखा भर पावसाळ्यातल्या आहेत. १९७४ साली अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं विमान असंच वेळेआधी खाली येऊन डोंगरावर आदळलं आणि ९२ माणसं गेली. त्यानंतर तिथे जमीन जवळ येताच इशारा देणारं यंत्र प्रवासी विमानांत सक्तीचं झालं. जुन्नरच्या ९४ जणांच्या नशिबी ते यंत्र नव्हतं. मला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते.

अपघाताच्या इंग्रजी नोंदींत या डोंगराचं नाव ‘दावंड्याची हिल’ असं आहे. त्यातला ‘ची’ पाहा. कुणा गावकऱ्याने ‘ती दावंड्याची टेकडी’ असं सांगितलं असणार. लिहिणाऱ्याने टेकडीचं भाषांतर केलं आणि ‘ची’ नावाला तसाच चिकटून राहिला. जगभरच्या विमान अपघातांच्या याद्यांत तो आजही आहे. त्या एका अक्षरात पायथ्याचा माणूस बोलताना ऐकू येतो. पण तो कोण होता, तिथे आधी कोण पोचलं, पावसात त्यांनी काय पाहिलं आणि काय केलं, हे त्या नोंदींवरून कळत नाही. वेग, उंची, वेळ आणि दिशा एवढंच त्यात येतं.

ज्यांनी त्या रात्री लहानपणी दणका ऐकला असेल, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. जुन्नरमध्ये इतिहासाचा अभ्यास करणारी जाणती मंडळी आहेत, दर शनिवार-रविवारी किल्ले चढणारे तरुण आहेत. कोल्हापूरहून पुणे, नारायणगाव करत आपलेही कितीतरी लोक पावसाळ्यात तिकडे जातात. नाणेघाटातून परतताना एखाद्या वाडीत चहाला थांबा, म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, बासष्ट सालच्या विमानाचं विचारा आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. हे काम येत्या दोन-चार पावसाळ्यांतच व्हायला हवं.