ठरावाचे दिन आणि वेच्याचे दिवस

पावसाने माघार घ्यावी, अरुणावती धरणातले गढूळ पाणी निवळू लागावे आणि दिग्रस तालुक्याच्या काळ्या जमिनीत कपाशीची पहिली बोंडे फुटावीत, असा जो आमच्याकडचा शरदाचा मोसम, तोच जगाच्या दप्तरी ऑक्टोबर या नावाने दाखल असून, त्या एका महिन्यात पाळावयाच्या 'दिनां'ची यादी एखाद्या मुरलेल्या कारकुनाचीही मती गुंग करील इतकी लांब आहे. १ तारखेस ज्येष्ठ नागरिक, २ तारखेस महात्मा गांधींच्या जयंतीनिमित्त अहिंसा, ५ तारखेस शिक्षक, ९ तारखेस टपाल, १० तारखेस मानसिक आरोग्य, १६ तारखेस अन्न, १७ तारखेस दारिद्र्यनिर्मूलन, आणि २४ तारखेस, हे दिन ज्यांनी बव्हंशी मुक्रर केले, त्या संयुक्त राष्ट्रसंघाचा स्वतःचा स्थापनादिन!

या दिनांची कुळे मात्र एक नव्हेत. काही दिन संस्थांच्या वर्धापनदिनांतून आले. १८७४ साली बर्न येथे जागतिक टपाल संघ स्थापन झाला म्हणून टपालदिन, आणि १९४५ साली अन्न व कृषी संघटना जन्मास आली म्हणून अन्नदिन. काही निव्वळ ठरावाने निर्माण झाले. गांधीजयंतीस अहिंसादिनाचे जागतिक रूप २००७ च्या ठरावाने मिळाले. क्वचित मात्र लोक आधी जमतात आणि ठराव त्यांच्या मागून येतो. १७ ऑक्टोबर १९८७ रोजी जोसेफ व्रेझिन्स्की या धर्मगुरूच्या हाकेसरशी पॅरिसमध्ये दारिद्र्यपीडितांच्या सन्मानार्थ मोठा समुदाय लोटला, आणि राष्ट्रसंघाने ती तारीख आपल्या यादीत घेतली ती १९९२ साली.

लोकांनी आधी पाळलेले आणि म्हणूनच टिकलेले असे दिवस वऱ्हाड-विदर्भाच्या या मुलखात थोडे नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्या वर्षीच्या विजयादशमीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. तेव्हापासून खेड्यापाड्यांतील माणसे दरसाल दीक्षाभूमीची वाट धरतात आणि परतताना पिशवीत पुस्तके घेऊन येतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे देहावसान ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजात आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास भरणाऱ्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट जनसमुदाय एकाएकी स्तब्ध होऊन मौन श्रद्धांजली वाहतो, आणि त्यासाठी कोणत्याही सरकारी परिपत्रकाची गरज भासत नाही. कोजागिरीपर्यंत घरोघर मुलींची भुलाबाई चालते. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई-भुलोजी बसवून गाणी झाली, की झाकलेला खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय असावे याचे तर्क चालतात आणि चुकलेल्या तर्कांवर खमंग हशा पिकतो.

परंतु या मोसमाचा खरा मानबिंदू म्हणजे सीतादही. कपाशीचा पहिला वेचा काढण्यापूर्वी घरची बाई शेतात जाते, पऱ्हाटीच्या बुडाशी दगड मांडून त्यांस हळदकुंकू वाहते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते आणि मगच बोंडास हात लावते. याच वेच्याच्या तोंडावर, ७ ऑक्टोबरला, जागतिक कापूसदिन येतो. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार कापूसउत्पादक राष्ट्रांच्या पुढाकाराने तो २०१९ साली जिनिव्हात प्रथम साजरा झाला. त्या राष्ट्रांचे गाऱ्हाणे दिग्रसच्या कास्तकारास नवे वाटू नये. धनाढ्य देश आपल्या शेतकऱ्यांस भरघोस अनुदाने देतात, त्यायोगे जागतिक बाजारात भाव पडतो आणि गरीब देशांतील उत्पादक नागवला जातो, हेच ते गाऱ्हाणे.

आता कमरेस ओटी बांधून, तळहाताशी ओरखडे सोशीत, ओळीने कापूस वेचणाऱ्या बाईकडे पाहावे. ७ तारखेचा कापूसदिन तिचाच आहे. १० तारखेचा मानसिक आरोग्यदिनही, शेतकरी आत्महत्यांचे दुःख सोसलेल्या या जिल्ह्यात, तिच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो. २०२२ साली त्याच तारखेस केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही मोफत समुपदेशनाची दूरध्वनिसेवा सुरू केली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. ११ तारखेचा बालिकादिन तिच्या लेकीचा. १५ तारखेस ग्रामीण स्त्रीदिन, आणि अन्नदिनाच्या आदल्याच दिवशी तो ठेवण्यात औचित्यही आहे, कारण अन्न पिकविण्यात स्त्रीचा वाटा किती आहे हे जगाने ओळखावे असा त्यामागील हेतू. म्हणजे पंधरवड्याच्या आत जगाने इतक्या वेळा जिच्या नावाने घोषणा केली, तिला त्यांपैकी एकीचीही खबर नसते, आणि वेचाईचा दर मात्र त्या दिवशीही तोच राहतो.

म्हणून हे दिन निरर्थक आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या दिवसास नेमून दिलेले काम जोडलेले असते तो टिकतो, आणि ज्यास केवळ फलक, हार व छायाचित्र जोडलेले असते तो दुसऱ्या दिवशी विस्मृतीत जातो, इतकाच त्याचा निष्कर्ष. सीतादहीस वेचा जोडलेला आहे. दीक्षाभूमीस पुस्तक जोडलेले आहे. सरकारी दिनांमध्ये असे भाग्य २ ऑक्टोबरच्या वाट्यास आले आहे, कारण त्या दिवशी आपल्या राज्यातील गावोगाव ग्रामसभा भरते, आणि सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या नेतृत्वाखाली 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवून शेतजमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे करण्याचे आवाहन केले होते. तो विषय अद्याप शिळा झालेला नाही. तेव्हा तालुक्यातील गावकऱ्यांस एवढीच विनंती, की ऑक्टोबरातील उरलेल्या दिनांचे फलक रंगविण्यापूर्वी २ तारखेच्या महिला सभेत दोन विषय रीतसर मांडावेत: यंदाच्या वेचाईचा दर काय असावा, आणि गावातील किती सातबाऱ्यांवर स्त्रीचे नाव चढले आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे सभेच्या कार्यवृत्तात नोंदविली गेली, तर पुढील सारे दिन साजरे झाले असे खुशाल समजावे.