तापाची चिठ्ठी

लग्नसराईत आपल्या मुलांना एक ठराविक ताप येतो. कुटुंब राजस्थानात लग्नाला जाऊन येते आणि शाळेत वडिलांच्या सहीची चिठ्ठी जाते : 'चार दिवस ताप असल्यामुळे येऊ शकला नाही.' पुढे तोच मुलगा न केलेल्या गृहपाठाबद्दल 'वही घरी राहिली' अशी थाप मारतो, तेव्हा मात्र घर हादरते. हा खोटे बोलायला कोठे शिकला, असे आजी विचारते. उत्तर त्या चिठ्ठीवर सहीनिशी असते.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत न्यासापहार आणि कूटलेखक्रिया ही दोन आहेत. न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे. त्याचे पाप व्यापारी घराला समजावून सांगावे लागत नाही; पेढीची अब्रूच त्यावर उभी असते. कूटलेख म्हणजे खोटा लेख. तापाची चिठ्ठी त्यात मोडत नाही, असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या शालेय वयातील एक आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. सगळी गणिते बरोबर आली म्हणून गुरुजींनी शाबासकी दिली, तेव्हा हा मुलगा रडू लागला. एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडविले होते. मला मात्र त्यांच्या प्रौढ वयातील प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. १८९७ साली ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांना पत्रांतून कळले आणि त्यांनी ते तेथील वृत्तपत्रास सांगितले. परतल्यावर आरोप सिद्ध करता येईनात. तेव्हा एकतीस वर्षांच्या गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पत्रलेखकांची नावे मात्र उघड केली नाहीत. स्वकीयांनी त्यांना दुबळे ठरविले. तरीही १९०२ मध्ये अंदाजपत्रकावर ते बोलले, तेव्हा त्यांचे आकडे सरकारलाही गांभीर्याने घ्यावे लागले.

आपल्या परंपरेत याहून मोठा दाखला आहे. वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकास झालेल्या अवधिज्ञानाविषयी गौतमस्वामींनी शंका घेतली. आनंदाचे म्हणणे खरे आहे, असे भगवंतांनी सांगताच साक्षात गणधर एका गृहस्थाची क्षमा मागण्यास परत गेले.

संवत्सरीला आपण मोबाईलवरून शेकडो लोकांना 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवतो. वर्गशिक्षिकेचे नाव त्यांत क्वचितच असते. मुलाची थाप उघडकीस आली, तर त्याला बाईंकडे घेऊन जावे, पण बोलू त्यालाच द्यावे. त्याच्याआधी वडिलांनी चार दिवसांच्या तापाविषयी खरे काय ते सांगावे, मुलाच्या देखत. आणि पुढच्या लग्नाच्या वेळी अर्जात 'लग्न' असेच लिहावे. रजा मिळाली नाही, तर मुलाला आजीजवळ ठेवून जावे.