नाथसागरातील पाखरांचा वाटा

पैठणजवळ गोदावरीवर उभारलेल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे लोकार्पण केले, तेव्हा या प्रकल्पाच्या हिशेबात सिंचन, पिण्याचे पाणी, उद्योग आणि थोडीफार वीज एवढ्याच बाबी होत्या; पाखरे त्यात कोठेही नव्हती. शंभराहून अधिक गावांची जमीन पाण्याखाली गेली आणि सुमारे २९०९ दशलक्ष घनमीटर क्षमतेचा, विस्ताराने अफाट पण खोलीने उथळ असा नाथसागर तयार झाला. या उथळपणामुळेच पुढचे सारे घडले. पावसाळा सरून पाणी ओसरू लागले की काठाकाठाने गाळाचे रुंद पट्टे उघडे पडतात, ज्यांवर शेतकरी गाळपेर करतात; त्याच ओलसर चिखलात शेवाळ, किडे, गोगलगायी आणि लहान मासे विपुल असल्याने रोहित, पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या अशा पक्ष्यांचे थवे हिवाळ्यात येथे उतरू लागले. त्यांपैकी पट्टकादंब तर मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारा. अखेर १९८६ साली राज्य शासनाने सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित केले आणि २०१७ साली केंद्र सरकारने त्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, म्हणजे जेथे काही उद्योगांना बंदी आणि काहींवर नियंत्रण असते असा संरक्षक पट्टा, अधिसूचित केला.

या जलाशयावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा पैठणच्या कहार समाज पंच कमिटीने, म्हणजे ज्यांचे पोट मासेमारीवर आहे अशा लोकांच्या संघटनेने, त्याला राष्ट्रीय हरित लवादापुढे आव्हान दिले. सप्टेंबर २०२४ मध्ये लवादाने हा अर्ज फेटाळला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, अशा प्रत्येक प्रकल्पाला विरोध होत राहिला तर देशाची प्रगती कशी व्हायची अशा आशयाची नाराजी व्यक्त करून, त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय अनाकलनीय नाही, कारण संवेदनशील पट्ट्यात अक्षय ऊर्जेला, म्हणजे सूर्य-वारा यांसारख्या न संपणाऱ्या स्रोतांपासूनच्या ऊर्जेला, उत्तेजन देण्याचेच धोरण आहे. नैतिक प्रश्न मात्र तेवढ्याने मिटत नाही. एका बाजूला लोभी उद्योग आणि दुसऱ्या बाजूला निष्पाप निसर्ग अशी सोयीची मांडणी येथे करता येत नाही. कोळसा कमी जाळावा म्हणून सौरऊर्जा हवी, कारण तापत्या हवामानाचा फटका पाखरांनाही बसतो, आणि पाण्यावर झाकण आल्याने बाष्पीभवन घटते, ही गोष्ट २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत धरणाचा उपयुक्त साठा शून्यावर गेलेला पाहिलेल्या मराठवाड्याला क्षुल्लक वाटणार नाही.

मानवेतर जीवांविषयीच्या कर्तव्याचा विचार भारतीय परंपरेत बहुधा भूतदयेच्या अंगाने झाला आणि त्याचे सर्वांत परिचित उदाहरण याच पैठणचे आहे: रामेश्वरासाठी आणलेले गंगेचे पाणी एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजल्याची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ही दया समोरच्या एका जिवाच्या वेदनेकडे पाहते, आणि १९७५ साली पीटर सिंगर यांनी ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ या ग्रंथात मांडलेला, वेदना जाणवू शकणाऱ्या प्रत्येक जिवाचे हित मोजले पाहिजे हा युक्तिवाद, त्याची भूमी निराळी असली तरी, तिच्याच जवळ जातो. परंतु पर्यावरणीय नीतिशास्त्र, म्हणजे माणसाने उर्वरित सृष्टीशी कसे वागावे याचा तात्त्विक अभ्यास, एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकन वनतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांनी, त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात, माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांच्या समुदायाचा माणूस हा मालक नसून केवळ एक सभासद आहे, अशी भूमिका घेतली. नाथसागराच्या संदर्भात हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सौरपट्टी एकाही पक्ष्याला थेट इजा करणार नाही असे क्षणभर गृहीत धरले, तरी तिच्या सावलीखाली प्रकाश न पोहोचल्याने शेवाळ घटले, त्यामुळे किडे आणि मासे घटले, तर कोणाचीही प्रत्यक्ष हिंसा न होता सगळा समुदायच खंगू शकतो. अशा हानीपुढे भूतदया गोंधळून जाते.

भारतीय न्यायव्यवस्थेलाही ही दृष्टी परकी नाही. आशियाई सिंहांविषयीच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानवकेंद्री विचाराऐवजी सृष्टिकेंद्री विचार, म्हणजे माणसाला असलेल्या उपयोगापलीकडेही प्रजातीला स्वतःचे मोल आहे असे मानणारा विचार, स्वीकारला होता. पण सौरऊर्जेशी गाठ पडली की न्यायालयाचा सूर सावध होतो: माळढोक या पक्ष्याच्या अधिवासातील वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचा २०२१ चा सरसकट आदेश २०२४ साली सौम्य करून तो प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवण्यात आला. सोलापूरजवळच्या नान्नजचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला या सावधपणाची किंमत कळायला हवी. तेथे १९७९ साली माळढोकासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे कागदी अभयारण्य घोषित झाले, पुढे ते सुमारे बाराशेवर आणले गेले आणि आज माळढोकाचे दर्शनही दुर्मीळ आहे.

जायकवाडीच्या पाखरांविरुद्ध एक आक्षेप वारंवार घेतला जातो, तो असा की हा जलाशयच मानवनिर्मित आहे, मग तेथे निसर्गाचा हक्क कसला? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण तो उलटा लागू पडतो. नदी अडवून मूळ पात्र, त्यातील डोह आणि काठ माणसाने बुडवले; त्या बदल्यात नकळत जो आसरा निर्माण झाला, त्यावर दोन पिढ्यांत पक्ष्यांचे जीवनचक्र विसंबून राहिले, आणि ज्याने हे अवलंबित्व निर्माण केले त्याच्यावर, न स्पर्शिलेल्या अरण्याच्या बाबतीत असेल त्याहून कमी नव्हे, तर अधिकच जबाबदारी येते. गोदावरीच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाच्या वादात नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा थेंबाथेंबाचा हिशेब मांडतात. त्या हिशेबात पाखरांसाठी एक रकाना असावा ही मागणी अवास्तव नाही.

तो रकाना व्यवहारात भरता येण्याजोगा आहे. सौरपट्ट्या खोल पाण्यापुरत्या मर्यादित ठेवून काठचा उथळ पट्टा आणि बेटे पूर्ण मोकळी सोडणे, उभारणीचे काम स्थलांतरित पक्ष्यांच्या मुक्कामाच्या महिन्यांत थांबवणे आणि सुरुवातीला लहान क्षेत्रावर काही हंगाम निरीक्षण करूनच विस्तार करणे, एवढ्या अटी घातल्या तरी प्रकल्प मोडत नाही, फक्त लांबतो. मासेमारांचे हित मात्र आपोआप पाखरांच्या हिताशी जुळेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दोघांनाही मासे हवेत, जाळ्यांत पाणपक्षी अडकतात, आणि तरीही मोकळ्या पाण्यासाठी न्यायालयाची पायरी चढले ते कहारच.