रोग्यासाठी घडलेली खुर्ची

खुर्ची ही दिवाणखान्याची शोभा होय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु विसाव्या शतकातील एका नामांकित खुर्चीचा जन्म दिवाणखान्यासाठी नव्हे, तर क्षयरोग्यांसाठी झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

फिनलंडमधील पाइमिओ येथील आरोग्यधामाच्या आराखड्याची स्पर्धा आल्व्हार आल्टो या तरुण स्थपतीने 1929 साली जिंकली व 1933 साली इमारत पुरी झाली. क्षयावर त्या काळी रामबाण औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो 1943 साली. विश्रांती, सूर्यप्रकाश व मोकळी हवा हीच काय ती चिकित्सा. रोग्यास तेथे महिनेच्या महिने कंठावे लागत. तेव्हा त्याच्या नित्याच्या वापरातील प्रत्येक वस्तू हा उपचाराचाच भाग मानून आल्टो व त्याची पत्नी आयनो (तीही स्थपतीच) यांनी कामास आरंभ केला.

युरोपात तेव्हा मार्सेल ब्रॉयरने प्रचारात आणलेल्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांची चलती होती. आल्टोनेही प्रथम नळ्याच वापरून पाहिल्या. पण धातू अंगास गार लागतो आणि त्याची चकाकी डोळ्यांस खुपते. म्हणून तो आपल्या देशात विपुल असलेल्या बर्च वृक्षाकडे वळला. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, त्या भूर्जाचाच हा भाऊबंद.

जाड फळी वाकवू गेल्यास मोडते. तिचेच पातळ पापुद्रे काढून, त्यांस सरस लावून साच्यात दाबून धरले, म्हणजे सरस सुकल्यावर आलेला बाक कायम राहतो. प्लायवुडमध्ये लगतच्या पापुद्र्यांचे तंतू परस्परांशी काटकोनात ठेवतात. त्यायोगे फळी सहसा चिरत नाही. तुर्कू येथील कारखानदार ओट्टो कोर्होनेन याच्या साहाय्याने आल्टोने हे तंत्र सिद्धीस नेले. पाइमिओ खुर्चीची बैठक व पाठ मिळून प्लायवुडचा एकच वळणदार तक्ता आहे. दोन्ही बाजूंची अखंड वलये हातांचे व पायांचेही काम करतात. श्वास घेणे सुलभ व्हावे म्हणून पाठीस कल दिला आहे. गादी नसल्यामुळे धुळीस थारा नाही. या व अशा वस्तूंच्या विक्रीसाठी 1935 साली ‘आर्टेक’ ही संस्था निघाली.

पुढे 1942 साली अमेरिकेत चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने जखमी खलाशांच्या पायांस आधार देणाऱ्या प्लायवुडच्या खपल्या नौदलासाठी घडविल्या, आणि त्याच अनुभवातून त्यांच्या प्रसिद्ध खुर्च्या निर्माण झाल्या. डेन्मार्कच्या आर्ने याकोबसेनची ‘मुंगी’ खुर्ची 1952 सालची. तीही एका औषध कंपनीच्या भोजनगृहासाठीच!

यातील बोध गृहस्थाश्रमी माणसास उपयोगी पडणारा आहे. नवी खुर्ची घेताना ती पाहुण्यांस कशी दिसेल, याआधी घरातील वृद्ध व आजारी माणसांस तीवर विसावा मिळेल काय, हे पाहावे. दुबळ्या देहाची चिंता वाहणारी वस्तू सशक्तांसही सुखावह होते, आणि बहुधा सुंदरही असते.